शाळेत कुणाला ठेवायचं, घरी कुणाला, आणि किती दिवस?

ताई, तुमच्या ग्रामपंचायतीच्या आपत्ती आराखड्यात साथरोगाचं एक पान तुम्हाला लिहायचंय. त्यासाठी २०२० ते २०२२ ची कोविडची फाईल काढलीत, तर एका पत्रात १४ दिवस, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात ७. कुठे ‘विलगीकरण’, कुठे ‘अलगीकरण’. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: यातला खरा नियम कुठला, न ऐकणाऱ्याचं ग्रामपंचायत काय करू शकते, आणि बाधिताच्या दारावर फलक लावावा का. मी त्या काळात कोकणातल्या एका तालुक्याचा आरोग्य अधिकारी होतो. असली पत्रं मीही ढिगाने पुढे ढकलली आहेत. त्यातली काही रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर यायची आणि सकाळी आठला त्यांची अंमलबजावणी झालेली हवी असायची.

आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण निम्मा घोळ तिथेच झाला. ज्याला आजार झालाय त्याला इतरांपासून वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. ज्याला काही झालेलं नाही पण होऊ शकतं, म्हणजे बाधिताच्या सहवासात आलेला किंवा साथीच्या भागातून आलेला, त्याला ठरावीक मुदतीपर्यंत नजरेखाली ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. मराठीत पहिल्याला विलगीकरण आणि दुसऱ्याला अलगीकरण असा फरक काही जणांनी पाळला, पण बहुतेक पत्रांत दोन्हींना ‘विलगीकरण’च लिहिलं गेलं. गावाने त्यावर आपला तोडगा काढला. मुंबईहून आलेला धडधाकट माणूस असो की तापाने फणफणलेला, दोघेही ‘कोरंटाइन’. त्यामुळे तुमच्या फाईलमधली दोन पत्रं एकमेकांच्या विरोधात वाटली, तर आधी बघा की एक आजाऱ्याबद्दल आहे आणि दुसरं संशयिताबद्दल आहे का. बऱ्याचदा तसंच निघेल.

दोघांची घड्याळं वेगवेगळी चालतात. संशयिताचं घड्याळ सुरू होतं शेवटच्या संपर्काच्या दिवशी, आणि ते चालतं विषाणूच्या अधिशयन काळावर, म्हणजे शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जो काळ जातो त्यावर. सुरुवातीच्या कोविडमध्ये हा काळ सरासरी पाच दिवसांचा होता. ज्यांना लक्षणं येणार त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना, म्हणजे साडेसत्त्याण्णव टक्के लोकांना, ती साडेअकरा दिवसांच्या आत येत. त्यावर सुरक्षिततेसाठी थोडी भर घालून १४ दिवस ठरले. आजाऱ्याचं घड्याळ सुरू होतं लक्षणांच्या पहिल्या दिवशी, लक्षणं नसतील तर नमुना घेतल्याच्या दिवशी, आणि ते चालतं तो किती दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो यावर. सौम्य आजारात दहाव्या दिवसानंतर नाकातोंडातून जिवंत विषाणू सहसा सापडत नाही, पण मेलेल्या विषाणूचे तुकडे आरटीपीसीआर चाचणीत कित्येक आठवडे दिसत राहतात.

हे कळायला दोन-तीन महिने गेले. तोवर सलग दोन चाचण्या निगेटिव्ह आल्याशिवाय रुग्णाला घरी सोडायचं नाही असा नियम होता. ठणठणीत माणसं महिनाभर वॉर्डात पत्ते खेळत बसलेली मी पाहिली आहेत. ८ मे २०२० ला केंद्राने तो बदलला: सौम्य रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला, तर चाचणी न करता घरी सोडा, पुढे सात दिवस त्याने घरात वेगळं राहावं. लोक म्हणाले, खाटा कमी पडल्या म्हणून सरकारने नियम ढिला केला. खाटा कमी पडत होत्या हे खरंच, पण नियम बरोबर होता. मग ओमिक्रॉन आला. जानेवारी २०२२ मध्ये गृह विलगीकरण पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवसांवर आलं, तेही शेवटचे तीन दिवस ताप नसण्याच्या अटीवर. म्हणजे तुमच्या फाईलमधले १४, १० आणि ७ हे तिन्ही आपापल्या जागी खरे आहेत. पुढच्या साथीत मात्र यातला एकही खरा असेलच असं नाही. आराखड्यात आकडा लिहू नका. ‘शासन कळवेल ती मुदत’ असं लिहा आणि ती कुठल्या दिवसापासून मोजायची ते मात्र ठळक लिहा. माणसं मुदत विसरत नाहीत, पहिला दिवस विसरतात.

दिवस सगळेच काही विज्ञानाने ठरले नाहीत, हेही सांगून टाकतो. २०२० ची गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांसाठी १४ दिवसांची अट होती, ती ऑगस्टच्या सुरुवातीला १० वर आली. १२ तारखेपर्यंत पोहोचणाऱ्याला चाचणी नको, त्यानंतर येणाऱ्याने निघण्यापूर्वी ४८ तासांच्या आतला निगेटिव्ह अहवाल आणायचा. बारा अधिक दहा किती होतात ते तुम्हीच बघा. ज्यांना लक्षणं येणार त्यांच्यापैकी साधारण पंच्याण्णव टक्के दहा दिवसांत उघडे पडतात, उरलेल्या पाचांचा धोका सरकारने गणपतीसाठी पत्करला. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, चौदावर अडून बसलो असतो तर कोकणातला माणूस गणपतीला आला नसता असं थोडंच आहे? तो रात्रीचा, आडवाटेने, नोंद न करता आला असता.

आता निगेटिव्ह अहवालाबद्दल, कारण यावरून सर्वांत जास्त भांडणं झाली. ‘माझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मला कशाला ठेवता?’ संपर्कानंतर दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह येते यात नवल नाही. विषाणू अजून वाढलेलाच नसतो. म्हणूनच लक्षणं नसलेल्या निकटच्या संपर्कातल्या माणसाची चाचणी संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसात करा, असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगत होतं. गणपतीला आणलेला ४८ तासांतला कागद फार तर इतकं सांगत होता की निघताना हा माणूस बहुधा दुसऱ्याला आजार देत नव्हता. गाडीत शेजारी कोण बसलं होतं, ते त्या कागदाला कुठून माहीत असणार?

तुमच्या कामाचा खरा भाग मात्र दिवसांच्या हिशेबात नाही, तो जागेत आणि जेवणात आहे. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो.

मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून माणसं यायला लागली. एका गावात जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा ताब्यात घेतली. एका खोलीत बायका-मुलं, दुसऱ्या खोलीत पुरुष. पहिल्या दिवशी चार पुरुष आले. तिसऱ्या दिवशी तीन, सहाव्या दिवशी आणखी चार. गावातल्या आशाताईंनी फळ्यावर खडूने अकरा नावं लिहून पुढे आल्याची तारीख टाकली होती. सुविचाराची जागा तेवढी मोकळी ठेवलेली. त्या फळ्याकडे बघून मला काम फार टापटीप वाटलं. नवव्या दिवशी सहाव्या दिवशीच्या गटातल्या एकाला ताप आला आणि तो पॉझिटिव्ह निघाला. त्याच खोलीत झोपणारे, एकाच माठातलं पाणी पिणारे बाकीचे दहा जण त्या क्षणी नव्याने निकटचे संपर्क झाले. त्यात पहिल्या दिवशी आलेले चौघे होते. त्यांचे पाचच दिवस उरले होते, त्यांचं घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं. हे सांगायला मीच शाळेत गेलो. कुणी आरडाओरडा केला नाही. त्यातल्या एकाने उठून फळ्यावरची आपली तारीख हाताने पुसली आणि खडू माझ्यासमोर धरला.

वेगवेगळ्या दिवशी आलेल्या माणसांना एका खोलीत ठेवणं म्हणजे सर्वांत शेवटी आलेल्याची मुदत सगळ्यांना लावणं. खोल्या दोनच असतील, तर पहिली भरली की तिथे नवा माणूस घ्यायचा नाही. दुसरी भरली की तिसरी जागा शोधायची: समाजमंदिर, अंगणवाडी, नाहीतर कुणाचा रिकामा मांगर, म्हणजे शेतावरचं गुरं-वैरण ठेवायचं घर. आमच्याकडे मांगरांनी शाळांपेक्षा चांगलं काम केलं. एका कुटुंबाला एक मांगर, आपली चूल, आपली विहीर. गुरांची वैरण ठेवायच्या जागेत अंधेरीतलं कुटुंब पंधरवडा राहिलं आणि पावसाआधी छपरावरची कौलंही शाकारून गेलं.

तेराव्या दिवशी त्याच शाळेतून एक म्हातारबुवा पळाले. पोलीस पाटलांनी त्यांना स्वतःच्या गोठ्यात पकडलं. मी गेलो तर म्हणाले, ‘डॉक्टरांनू, माका काय एक झाला नाय. पण म्हस दुसऱ्या कोणाक हात लावूक देना नाय.’ मुलाकडे मुंबईला जाताना म्हैस शेजाऱ्याकडे सोपवली होती आणि ती दूध चोरत होती. गुन्हा दाखल करा म्हणून गावकरी मागे लागले. आम्ही त्यांना गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवलं आणि घरातल्यांना उरलेले दिवस मागच्या दाराने ये-जा करायला सांगितली. मुदत त्यांनी पूर्ण केली. पुढे लावणीच्या वेळी असे कित्येक जण पळाले. पळणारा बहुधा बेफिकीर नसतो, त्याच्या वाटचं काम दुसरं कुणी करत नसतं. आराखड्यात म्हणून एक रकाना ठेवा: या माणसाचं कुठलं काम अडलं आहे, ते कोण करणार. गुरं, लावणी, घरातलं आजारी माणूस, मजुरी. मजुरीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदा दिवस घरी बसवलेल्याचा रोज कुणी भरून द्यायचा, याबद्दल १८९७ चा साथरोग कायदा ठरवून काही सांगत नाही.

घरी ठेवायचं की संस्थेत, हा प्रश्नही शेवटी संडासावर येऊन थांबतो. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपासची वस्ती, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. तिथे गृह विलगीकरण म्हणजे कागदावरचा विनोद झाला असता. पालिकेने शाळा, सभागृहं आणि क्रीडा संकुल ताब्यात घेऊन संशयितांना तिथे नेलं, तिथेच जेवण, तिथेच डॉक्टर. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. कोकणातल्या मोठ्या घरांत मात्र आम्ही समजत होतो की जागा पुष्कळ, घरीच ठेवू. दुसऱ्या लाटेत ते अंगाशी आलं. घर मोठं, पण न्हाणी एक, संडास एक आणि माजघरात सगळ्यांचा वावर. एक पॉझिटिव्ह आला की आठवड्यात अख्खं घर. मे २०२१ च्या शेवटी राज्याने १८ जिल्ह्यांत गृह विलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड केअर सेंटरमध्येच ठेवायचं ठरवलं. त्यात रत्नागिरीही होतं आणि सिंधुदुर्गही. तेव्हा ‘घरी स्वतंत्र खोली आहे का’ हा फॉर्मवरचा प्रश्न अपुरा आहे. स्वतंत्र संडास आहे का, आणि जेवणाचं ताट दाराशी ठेवणारं, स्वतः धडधाकट असं कुणी घरात आहे का, हे आधी विचारा.

आता कायदा. ग्रामपंचायतीला कुणाला कोंडून ठेवण्याचा स्वतःचा अधिकार नाही. साथरोग कायदा राज्य सरकारला अधिकार देतो. महाराष्ट्राने त्याखाली मार्च २०२० मध्ये नियम काढून जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांना अधिकारी नेमलं. शिवाय आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. ग्रामपंचायत, पोलीस पाटील, ग्राम कृती दल हे त्यांच्या लेखी आदेशाची अंमलबजावणी करणारे. मार्च-एप्रिलमध्ये गावोगावी रस्त्यावर काटेरी झुडपं टाकून जी गावबंदी झाली, तिला कायद्याचा आधार नव्हता. एका गावात तर १०८ ची रुग्णवाहिका अर्धा तास अडली होती. आराखड्यात ‘गावाच्या सीमा बंद करणे’ असं कुणी सुचवलं तर खोडून टाका.

आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे. तेव्हा भारतीय दंड संहितेची कलमं १८८, २६९, २७० आणि २७१ लागायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे हीच अनुक्रमे २२३, २७१, २७२ आणि २७३ आहेत. जुन्या पत्रातून कलमं उतरवून घेऊ नका, आणि जुनं २७१ नि नवं २७१ वेगळं आहे हेही लक्षात ठेवा. जुनं २७१ हे खास क्वारंटाइनचं कलम. ते वाचलंत तर गंमत वाटेल, त्यात मुख्य पात्र जहाज आहे: क्वारंटाइनमधल्या जहाजाने किनाऱ्याशी किंवा दुसऱ्या जहाजाशी संबंध ठेवू नये वगैरे. नव्या संहितेने जहाजाच्या जागी ‘वाहतुकीचं साधन’ घातलं. लाल परीही आता त्यात बसते.

पण कलमं लावून काय झालं? टाळेबंदीतले १८८ चे गुन्हे मागे घ्यायचं राज्य सरकारने २०२२ मध्ये ठरवलं. माझ्या तालुक्यातलं तरी माझं मत असं की गुन्ह्याच्या धाकाने जितके थांबले, त्याहून जास्त लोक नोंद टाळून आत शिरले. डाव्या हातावरच्या शिक्क्याचंही तेच. मार्च २०२० मध्ये राज्याने परदेशातून आलेल्यांच्या हातावर मतदानाच्या शाईने मुदतीची तारीख उठवायला सुरुवात केली. काही दिवसांतच शिक्का असलेले चार प्रवासी पालघरला रेल्वेतून उतरवले गेले. म्हणजे शिक्का उपयोगी पडला. पण हाताची शाई मुदत संपली तरी जायची नाही, आणि सुटून आलेल्या माणसाला दुकानदार सामान देत नसे. तारीख वाचण्याइतकं जवळ कोण येतंय?

इथे प्लेगची आठवण काढतो, कारण कायदा त्याच साथीत जन्मला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ ला चार कलमांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने घरात सैनिक घुसवून रुग्ण हुडकले, सामान जाळलं, माणसं छावणीत नेली. रोग शोधण्याची पद्धत आजच्या घरोघरी सर्वेक्षणापेक्षा तत्त्वतः फार वेगळी नव्हती. फरक दारात कोण उभं आहे याचा होता. लोकांनी रुग्ण माळ्यावर लपवले. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या, पुण्याबाहेरच्या दवाखान्यात रुग्ण नेत होत्या. त्याच आजाराने १० मार्चला त्या गेल्या. त्यांनी नेलेला रुग्ण कुणी लपवला असेल असं वाटत नाही. आमच्या गावांतही बंदोबस्तातला शिपाई दारात गेला की घरात कुणी नसायचं, आणि तासाभराने आशाताई गेल्या की ताप असलेली सून स्वतः बाहेर यायची.

फलकाचं उत्तर सरळ आहे. ९ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय रुग्णाच्या घराबाहेर पोस्टर लावता येणार नाही. म्हणजे ग्रामसभेत ठराव करूनही नाही. ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावांची यादी टाकणं हा त्याच फलकाचा मोठा भाऊ. एका गावात यादी फिरली, आणि बरी होऊन परतलेल्या बाईला वाडीच्या विहिरीवर दोन महिने घागर भरू दिली नाही. पुढच्या लाटेत त्या वाडीतून एकही माणूस तपासणीला आला नाही. आम्हाला पहिला रुग्ण कळला तो थेट ऑक्सिजन खाली गेल्यावर.

तेव्हा पान लिहिताना मी हे घालीन: दोन ठिकाणं, त्यांच्या खोल्या, प्रत्येकीला संडास कुठला ते. तिथे जेवण कोणता बचत गट देणार आणि त्याचे पैसे ग्रामपंचायतीच्या कुठल्या शीर्षातून निघणार. आशाताईंना तापमापक, ऑक्सिमीटर आणि बदली बाई, कारण त्याही आजारी पडतात. आदेश कुणाच्या सहीचा आला म्हणजे खरा धरायचा. अडलेल्या कामाचा तो रकाना. पाच वर्षांनी ऑक्सिमीटरचे सेल गळलेले असतात, ते दर चतुर्थीला बदलायचे असंही लिहा. चतुर्थी कुणी विसरत नाही.

आणि शाळेच्या खोल्यांना फळा असेल तर त्यावर दोन तारखा लिहायच्या: आल्याची आणि सुटण्याची. आमच्या फळ्यावर एकच होती. दुसरी जो तो मनात मोजत बसला होता, आणि अकरा जणांची मोजणी अकरा तऱ्हेची होती.